चारशे सतराचे दोन गठ्ठे

८ जानेवारी

पावशेर,

अक्षर ओळखलं असशीलच. तेहतीस वर्षांनी आईचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार असं वाटेल, तर तसं काही नाही. जायचे ते तुझे बाबा अकरा वर्षांपूर्वीच गेले. मी आहे. शहात्तर पूर्ण, निम्मे दात स्वतःचे. हे पत्र कामाचं आहे, कामाचं म्हणूनच वाच.

तुझा पत्ता मला माहीत नाही आणि मी विचारलेलाही नाही. पाहणी-ऑफिसचा नियमच आहे, ज्याची पाहणी चालू आहे त्याचा पत्ता कुणाला द्यायचा नाही, आईलासुद्धा. हा नियम मीच नव्या मुलींकडून घोकून घ्यायचे. तेव्हा हे पाकीट मी ऑफिसात देणार आणि ते लोक तुझ्याकडे पाठवणार.

झालंय असं. तू जन्मलीस त्या आठवड्यात शहरात जन्मलेली सगळी मुलं, आठशे एकोणचाळीस, ऑफिसनं वहीत घेतली आणि ठरवलं की यांच्या मागं आयुष्यभर जायचं. किती उंच झाली, काय शिकली, कशानं आजारी पडली, कुणाशी पटलं, कुणाशी फाटलं. तू चारशे सतरा. तू चार वर्षांची असताना मीही तिथं कामाला लागले आणि बत्तीस वर्षं दारोदार हिंडून दोनशे बारा मुलांचे कागद भरले. तुझे सोडून, कारण घरच्या माणसाचे कागद घरच्यानं भरायचे नसतात. तुझ्यासाठी आमच्यातली ती चष्मेवाली बाई यायची. हे सगळं तुला ठाऊक आहे, पण कामाचं पत्र पहिल्यापासून लिहायची मला सवय आहे.

आता ऑफिसात एक संगणकवाली मुलगी आली आहे. पोरगी हुशार, चहा मात्र पाण्यासारखा करते. पन्नास वर्षांचे कागद ती संगणकावर चढवते आहे, आणि तिला चारशे सतरा नंबरचे दोन गठ्ठे सापडले. एक आमच्या कपाटातला. दुसरा मुख्य ऑफिसातून आलेला, टपालानं येणारी उत्तरं तिकडं ठेवतात. ही दोन कपाटं इतक्या वर्षांत एकमेकांना कधी भेटलीच नव्हती. तेवीस, तीस, अडतीस आणि शेहेचाळीस या चारही वर्षांचे कागद दोन्हीकडं आहेत. दोन्हींत तू आहेस आणि दोन्हींत तू वेगळी आहेस.

आमच्या कपाटातले मी भरले. तू गावात नव्हतीस, तुझी गैरसोय नको, म्हणून भरले. पण नियम असा आहे की कामावरच्या बाईनं एक जरी उत्तर मनानं लिहिल्याचं ठरलं, तर तिनं हात लावलेले सगळे कागद बाजूला काढायचे. माझी दोनशे बारा मुलं! त्यांची वजनं, त्यांच्या खोकल्यांच्या तारखा, सगळं एका फटक्यात कचरा.

तेव्हा तू एवढंच कर. ऑफिसला दोन ओळी लिही की आईनं भरलेलं माझ्या सांगण्यावरून भरलं. यात खोटं असं फारसं नाही. बाकी माझं ठीक चाललं आहे.

आई


२७ जानेवारी

पावशेर,

पोच आली. त्यावर तुझी सही आहे म्हणे. मला दाखवत नाहीत, पण आहे म्हणाले. म्हणजे पत्र मिळालं. दोन ओळी लिहायला एकोणीस दिवस पुरतात, पण तुझ्या हट्टाची मला ओळख आहे, जन्मताना दोन दिवस अडून बसली होतीस.

मागच्या पत्रात मी लिहिलं की गैरसोय नको म्हणून कागद भरले. ते तसं नव्हतं.

लागोपाठ तीन फेऱ्यांना माणूस सापडलं नाही तर त्याच्या नावापुढं 'बेपत्ता' असा शिक्का मारतात. मी स्वतः मारले आहेत. एक मुलगा बोटीवर गेला होता, एकीचं लग्न होऊन ती कुठं गेली ते आईबापांनाही सांगता येईना. शिक्का मारला की त्या नंबरचा गठ्ठा वरच्या फळीवर जातो आणि पुढं त्याचं नाव कुणी घेत नाही. तू एकोणिसाव्या वर्षी गेलीस. तेविसाव्या वर्षीची फेरी आली तेव्हा चष्मेवाली नोकरी सोडून गेलेली, आणि तुझा कोरा कागद माझ्या पिशवीत. मी स्वयंपाकघरात बसले आणि चष्मेवालीच्या जागी आलेल्या बाईच्या नावावर तुला भरून टाकलं.

पहिल्यांदा थोडंच लिहिलं. उंची पूर्वीचीच, त्यात अर्धा इंच वाढवला. शिक्षण चालू. तिसाव्या वर्षी धीर चेपला होता. तुला शाळेत शिक्षिका केलं, चष्मा लावला, एक मुलगा दिला. नवरा कसा द्यायचा ते ठरेना, म्हणून नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो असं लिहिलं. अडतिसाव्या वर्षी मी निवृत्त झाले होते, पण जुनी बाई म्हणून त्यांनी बोलावलं आणि मी धावत गेले. त्या वेळी तुझा गुडघा दुखायला लागला.

आता सांगते ते हसण्यावारी नेऊ नकोस. गुडघा लिहिल्यावर आठ दिवसांनी मी उंच बैठकीची खुर्ची आणली. मला स्वतःला खाली बसायला तेव्हा काही होत नव्हतं. दुकानात कुणी विचारलं, मुलगी कशी आहे, की मी सांगायचे, बरी आहे, जिने चढवत नाहीत. घरी येऊन वाटायचं की खुर्ची थोडी सरकली आहे. खोलीत बोलताना मी आवाज खाली ठेवायचे, कारण तुझ्या वह्या तपासायच्या राहिलेल्या असतील. बाबा विचारायचे, कुणाशी बोलतेस, आणि मी म्हणायचे, कुणाशी नाही.

कागदावरची ती मला छळत होती, असं म्हणणार नाही. पण ती ऐकतही नव्हती. 'झोप कशी लागते' या प्रश्नाला चांगली, मध्यम, वाईट असे तीन चौकोन असतात. मी चांगलीवर खूण करायला पेन टेकवलं आणि खूण वाईटवर झाली. दुसरा कागद घेतला, तेच. शेवटी तशीच पाठवली.

हे सगळं लिहून काय मिळवलं कोण जाणे. हात दाखवून अवलक्षण. तरीही, ऑफिसला त्या दोन ओळी लिही.

आई


१९ फेब्रुवारी

पावशेर,

काल संगणकवालीनं बोलावलं होतं. जुन्या खोलीतच बसवलं, मुलांची उंची मोजायची पट्टी अजून भिंतीवर आहे. तिनं दोन्ही गठ्ठे समोर ठेवले, पण स्वतःकडं तोंड करून. बिचारीला माहीत नाही की बत्तीस वर्षं समोरच्या माणसाचा कागद उलटा वाचणं हीच माझी भाकरी होती. दारात उभं राहून उलट्या बाजूनं खूण बरोबर पडली का ते बघावं लागायचं.

तर मी वाचलं. तुझ्या गठ्ठ्यातलं तेविसाव्या वर्षीचं पहिलं पान. 'आई हयात आहे का' या प्रश्नासमोर 'नाही' वर खूण. वडिलांपुढं काहीच नाही, कोरं.

पुढं तीनही फेऱ्यांना तेच. तीस वर्षं मी मेलेली आहे आणि मला कुणी कळवलं नाही.

आता शेहेचाळिसाव्या वर्षीचं सांगते, कारण ते मी गेल्या वेळी मुद्दाम गाळलं. ती फेरी टेलिफोनवर झाली. चारशे सतराचा नंबर म्हणून वहीत आपल्या घरचा फोन होता, मीच घातलेला. दुपारी फोन वाजला, एका मुलीनं तुझं नाव घेऊन विचारलं, आपणच का, आणि मी म्हटलं, बोला, मीच. सत्तर वर्षांची मी. आवाज कुठून आला मला सांगता येणार नाही, पण तो माझा नव्हता आणि मी तो ओढूनताणून काढलेलाही नव्हता. बाबा जाऊन पाच वर्षं झाली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. पाऊण तास मी तुझी उत्तरं दिली आणि एकदाही अडले नाही. तिनं विचारलं, आई हयात आहे का, तर तो आवाज म्हणाला, "आहे ना. माझ्याकडंच असते." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या उंच खुर्चीकडं पाठ करून बसले, वळून बघायची छाती होईना.

त्याच वर्षी टपालानं तू लिहिलंस, हयात नाही. दोघींपैकी कुणाचं धरायचं हे संगणकवालीनं काल मला विचारलं. मी म्हटलं, मी समोर बसले आहे की.

ती हसली नाही. मग म्हणाली की दुसरंच एक विचारायचं आहे. प्रत्येक फेरीच्या शेवटी 'पूर्वीच्या उत्तरांत दुरुस्ती' म्हणून एक रकाना असतो. लोक तो सोडून देतात. तू चारही वेळा भरला आहेस, चारही वेळा तीच ओळ. ती तिनं मला वाचून दाखवली. "सोळाव्या वर्षी मी होय लिहिलं होतं. कोणी आलं नाही."

ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडच्या सोळाव्या वर्षीच्या पानावर तर 'नाही' आहे. तेव्हाचं कुणाला काही माहीत असेल तर तुम्हालाच. यांचं चुकतंय का?"

मी म्हटलं, मुलं विसरतात. मोठेपणी लहानपण उगाच काळं दिसतं. तिनं ते लिहून घेतलं आणि सही मागितली. मी म्हटलं, चष्मा आणला नाही, पुढच्या वेळी करते. चष्मा माझ्या गळ्यात लटकत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तिनं बघितलं आणि कागद परत गठ्ठ्यात ठेवला.

ऑफिसला ओळी लिहू नकोस. मी मागितल्या होत्या ते विसर.

आई


६ मार्च

मुली,

पावशेर हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेलं. तू जन्मलीस तेव्हा ऑफिसच्या काट्यावर इतकी हलकी भरलीस की काट्याचं चुकत असेल म्हणून तो दुरुस्तीला त्यांच्याकडं आला होता, आणि ते घरी येऊन म्हणाले, काटा बरोबर आहे, पोरगीच पावशेर आहे. आपण हसलो होतो. म्हणजे मी हसले होते, तू काय, तीन दिवसांची. हे नाव मी आता लिहिणार नाही.

सोळाव्या वर्षीच्या फेरीत तीन पानं मुलांनी एकट्यानं भरायची असत. वर छापलेलं होतं, 'हे पान तुमच्या घरातलं कोणीही पाहणार नाही.' मुलांनी स्वतः पाकीट चिकटवून द्यायचं. चष्मेवालीनं सगळ्या गल्लीची पाकिटं गोळा केली आणि तिला ताप होता म्हणून पिशवी माझ्याकडं दिली, उद्या ऑफिसात टाक म्हणून. पाकिटांवर नुसते नंबर. तुझं सगळ्यांत वर नव्हतं. ते मी शोधून काढलं.

किटलीच्या वाफेवर धरलं. मी आई आहे, मला कळायला हवं, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

एकोणिसावा प्रश्न, 'घरात कुणाची भीती वाटते का?' होय. 'कुणाची?' बाबांची. 'काय होतं ते लिहायचं असल्यास लिहा.' तू लिहिलं होतंस की बाबा मागच्या खोलीत कोंडतात, दिवा काढून नेतात आणि पितळेची वजनं अंधारात हातानं चाचपून लहान-मोठी लावायला सांगतात. चुकलं की तराजूच्या दांडीनं मारतात. बरोबर लागली की दार उघडतात. त्याखालचा प्रश्न, 'ऑफिसमधून कोणी येऊन बोलावं असं वाटतं का?' होय. त्या होयवर तू पेन इतकं दाबलं होतंस की मागच्या पानावर उमटलं होतं.

मला यातलं काही नवीन नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. मी स्वयंपाकघरात असायचे आणि भिंतीपलीकडून पितळेचा आवाज यायचा. एकावर एक टेकल्याचा, मग एखादं घरंगळल्याचा, मग थांबल्याचा. मी पीठ मळत राहायचे. दांडीचा आवाज आला की नळ सोडायचे. एवढं करून तू बाहेर आलीस की तुलाच म्हणायचे, कशाला त्यांना चिडवतेस.

पण त्या दिवशी मला भीती वाटली ती कागदाची. ऑफिसचे सगळे काटे दुरुस्तीला तुझ्या बाबांकडं येत. काटा बरोबर असल्याचा दाखला त्यांच्या सहीनं लागायचा. आठशे मुलांची वजनं त्यांच्या सहीवर उभी. हे पान ऑफिसात गेलं असतं तर त्यांचं काम गेलं असतं, माझं गेलं असतं, आणि चष्मेवालीच्या डोळ्याला डोळा द्यावा लागला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा मी हिशेब केला. पिशवीत कोरी पानं होती. तुझं अक्षर मी काढू शकत होते, मीच गिरवून घेतलेलं. एकोणीस, नाही. ऑफिसमधून कोणी यावं का, नाही. मूळ पान फाडून चुलीत टाकलं. पाकीट चिकटवलं. सकाळी इतर पाकिटांबरोबर दिलं.

याचा दुसरा साक्षीदार नाही. चष्मेवाली गेली, ते गेले. आता एका बाजूला तुझी एक ओळ आहे आणि दुसऱ्या बाजूला माझ्या हातचं पान, आणि ऑफिस पानावर विश्वास ठेवतं. तेवढंच तुझ्याविरुद्ध आहे, आणि ते मी केलेलं आहे.

पुढं जे आहे ते लिहायला मला सर्वांत जड जातं आहे. तुला वाटलं पान पोचलं. कुणीतरी येणार असं तू धरून चाललीस. ऑफिसच्या बाया मंगळवारी घरोघर जातात हे तू माझ्याकडूनच ऐकलं होतंस, म्हणून मंगळवारी तू शाळेतून धावत यायचीस, धुतलेला फ्रॉक घालायचीस आणि पुढच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचीस. पान उलटत नव्हतीस. पाच मंगळवार मी ते बघितलं. पाचव्या मंगळवारी तू मला विचारलंस, "आई, आपल्या गल्लीत ऑफिसातून कोणी येणार होतं का ग?" मी म्हटलं, कामाचा ताण आहे त्यांना, येतील. सहाव्या मंगळवारी तू फ्रॉक बदलला नाहीस.

वजनं मी ते गेल्यावर विकून टाकली. खोली रिकामी आहे. दुपारी पीठ मळायला घेतलं की आवाज येतो, अजून येतो. मी आता नळ सोडत नाही.

आई


२१ मार्च

मुली,

सोमवारी ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. ती विचारत गेली, मी उत्तर देत गेले. आयुष्यभर विचारणाऱ्या बाजूला बसलेली मी, इकडून ते टेबल किती रुंद दिसतं ते पहिल्यांदा कळलं. एकोणिसाव्या प्रश्नाशी ती थांबली आणि म्हणाली की यावर सही केलीत तर तुमचे दोनशे बारा जातील. मी म्हटलं, माहीत आहे. एकेका मुलाचं तोंड डोळ्यांपुढून गेलं. कान फुटलेला तो, जुळ्यांतली उरलेली ती, दारात उभं करून पाणीही न विचारणारी आणि जाताना हात घट्ट धरणारी एकीची आजी. त्यांनी मला खरं सांगितलं होतं. ते सगळं आता वरच्या फळीवर गेलं. मी सही केली आणि घरी येऊन रडले, त्यांच्यासाठी. तुझ्यासाठी रडायचा हक्क मला वाटेना.

तुझ्या सोळाव्या वर्षीच्या पानावर आता तांबड्या शाईत 'होय' आहे, आणि खाली माझी सही. मी रचलेल्या त्या चार फेऱ्या रद्द झाल्या. खुर्ची मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकली. खोली मोठी वाटते आहे. कुणाला सांगायचं राहिलं असं दिवसभर वाटत राहतं, मग आठवतं.

'आई हयात आहे का' याचं तुझं उत्तर दुरुस्त करायचं का, असं तिनं शेवटी विचारलं. तुमच्या समोरच आहे म्हणून मी तेव्हा बोलले होते. या वेळी म्हटलं, तिचं उत्तर तिचं आहे, त्याला हात लावू नका.

तू मला लिहू नकोस. मी येणार नाही, आणि यापुढं पाकीटही पाठवणार नाही. पण सोळाव्या वर्षीच्या 'होय'चं काय करायचं असा ऑफिसपुढं प्रश्न पडला. त्या पानाला छत्तीस वर्षं झाली, असल्या उशिरासाठी नियम नव्हता. संगणकवालीनं वरिष्ठांशी वाद घातला. ती म्हणाली, मुलीनं विचारलं होतं, कोणी यावं का, होय, आणि ते 'होय' आजच आपल्या हातात आलं आहे, मग जायला नको का. शेवटी त्यांनी मान्य केलं, जायचं तिनंच.

तिला मी एवढंच सांगितलं की बेल एकदाच वाजव, दारात उभी राहा, आत बोलावल्याशिवाय पाऊल टाकू नको, आणि कागद पिशवीतून काढू नको. तू नको म्हणालीस तर ती परत फिरेल. तोंडावर दार लावलंस तरी चालेल, तिला तशी कल्पना दिली आहे.

येत्या मंगळवारी सकाळी दहाला ऑफिसमधून कोणीतरी येईल.

आई